चिऱ्याच्या जोत्यातून पाणी येतंय, भिंतीला पोट आलंय? आधी पाणी काढा, मग भिंतीला हात लावा

कोकणात उतारावरचं घर म्हणजे मागची बाजू डोंगरात खणलेली आणि पुढची बाजू भरावावर, त्यामुळे मागच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला आतून खोली आणि बाहेरून चार-पाच फूट माती असं दोन्ही सांभाळावं लागतं. जुलैत सलग चार दिवस पाऊस लागला की नेमकी हीच भिंत झिरपायला लागते, खालच्या दोन थरांतून पाणी येतं, लादीवर ओल धरते, कुठे चिऱ्याच्या सांध्यातला माल गळून पडतो. मग पाऊस उघडला की बहुतेक जण गवंडी बोलावून आतून जाड सिमेंटचा गिलावा मारून घेतात, त्यावर वॉटरप्रूफिंगचा हात, आणि पुढच्या पावसात तो गिलावा फुगून पापुद्र्यासारखा सुटतो किंवा पाणी दोन हात बाजूला जाऊन तिथून फुटतं. कारण पाणी भिंतीच्या मागे तसंच उभं असतं, आपण फक्त त्याची वाट बंद केलेली असते.

या उभ्या पाण्याचा जोर किती असतो हे एकदा नीट बघा म्हणजे पुढचं सगळं पटेल. पाच फूट म्हणजे दीड मीटर उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ साचलं तर तळाशी दर चौरस मीटरला दीड टनाचा दाब येतो, आणि भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकूण एक टनापेक्षा जास्त ढकल. कोरडी मुरुमाची माती याच भिंतीला जेवढी ढकलते त्याच्या दुपटीपेक्षा जास्त जोर ओली, पाण्याने भरलेली माती लावते. नऊ इंची चिऱ्याची भिंत ही माती पेलायला बांधलेली असते, पाण्याची टाकी म्हणून बांधलेली नसते. आपले जुने कोरड्या रचाईचे गडगे आणि बांध वर्षानुवर्षं का टिकले, तर त्यांच्या फटीफटीतून पाणी निघून जायचं. आता तेच गडगे आपण सिमेंटने लिंपतो आणि मग ते पडले की चिऱ्याला दोष देतो.

पाऊस चालू असताना काय करायचं

भिंतीला हात लावायचा नाही. मागची माती उकरायची नाही, सुटलेला चिरा ओढून काढायचा नाही. पाणी येऊ नये एवढंच बघायचं, म्हणजे मागच्या मातीवर ताडपत्री टाकून तिचा उतार घरापासून लांब राहील अशी दगडांनी दाबायची, पन्हळात अडकलेला पाला काढायचा, वरून डोंगराचं पाणी येत असेल तर कुदळीने तात्पुरता चर मारून बाजूला वळवायचं. आतल्या बाजूला भिंतीलगत पलंग, कपाट, गॅस सिलिंडर असेल तर हलवा आणि त्या खोलीत रात्री कोणी झोपू नका, निदान भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतर तरी मोकळं ठेवा.

भिंतीतून येणारं पाणी काचेच्या ग्लासात धरून बघा. स्वच्छ असेल तर तातडीचं काही नाही, फक्त वाट काढून द्यायची आहे. गढूळ असेल, तळाशी माती बसत असेल तर भिंतीमागची माती वाहून जातेय आणि तिथे पोकळी होतेय, आणि ही गोष्ट मी गंभीर धरतो. आणि घराच्या वर डोंगरात जमिनीला लांब भेग पडलेली दिसली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, नेहमीचा झरा अचानक आटला किंवा लाल गढूळ वाहायला लागला, तर ती भिंतीची दुरुस्ती राहिलेलीच नाही, माणसं, गुरं घेऊन लगेच बाहेर पडा आणि तहसील कार्यालयात कळवा. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण आणि २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळीये, दोन्हीकडे डोंगरच खाली आला, तिथे कुठलीही भिंत पुरली नसती.

पाणी येतंय कुठून

पाऊस उघडल्यावर पहिलं काम शोधाचं, आणि यात घाई करू नका. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त घरांत दोष डोंगराचा नसतो, घराचाच असतो. छपराचं पाणी घ्या. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, जो रत्नागिरी-सिंधुदुर्गात काही नवलाचा नाही, तर त्या एका दिवशी छपरावरून नऊ हजार लिटरच्या वर पाणी पडतं. त्यातलं मागच्या बाजूचं निम्मं पागोळ्यांमधून भिंतीच्या अगदी मुळाशी पडून तिथेच मुरतं. पागोळ्यांनी जमिनीत पडलेली खोलगट रेघ दिसते ना, तो तुमच्या भिंतीत पाणी भरायचा आयता पाट आहे.

दुसरा संशयित माडाचं आळं. न्हाणीघराचं, मोरीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून ते मागच्या माडाच्या नाहीतर पोफळीच्या आळ्यात सोडायची आपली जुनी पद्धत आणि ती चांगलीच आहे, पण ते आळं भिंतीपासून तीन-चार फुटांवर असेल तर बारा महिने भिंतीला पाणी पाजणं चाललंय. सोपी खूण म्हणजे भिंत मे महिन्यातसुद्धा ओली असेल तर पावसाचा संबंध नाही, सांडपाणी, शोषखड्डा नाहीतर जमिनीखालचा नळ बघा. न्हाणीत बादलीभर पाण्यात खाण्याचा लाल-हिरवा रंग कालवून ओता आणि एक-दोन दिवस भिंतीवर लक्ष ठेवा, रंग उतरला तर शोध संपला, नाही उतरला तरी लगेच निर्दोष धरू नका कारण माती रंग धरून ठेवते.

तिसरं, घुशी आणि कुर्ल्या. हे शहरातल्या इंजिनिअरला सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही, पण भिंतीमागे घुशीने केलेलं बीळ म्हणजे पाण्याला थेट पाइपलाइन असते, आणि व्हाळाजवळच्या (ओढ्याजवळच्या) बांधात कुर्ल्यांची भोकं असतातच. बिळाचं तोंड नुसतं दगडाने बुजवू नका, आत जिथवर जातं तिथवर खणून खडी-माती ठोकून भरा.

मग भिंतीची तब्येत बघा. ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, वरून सोडायचा आणि वर, मधे, खाली असं तीन ठिकाणी भिंतीपासून दोरीचं अंतर मोजून भिंतीवरच पेन्सिलने तारखेसकट लिहून ठेवायचं. सांध्यासांध्यांतून जिन्यासारखी चढत गेलेली भेग बहुतेक वेळा पाया एका बाजूला बसल्याची असते, तर मध्यावर आडवी भेग आणि तिथेच पोट आलेलं असेल तर मागून दाब आलेला आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून अंतर दर आठवड्याला मोजा, वाढत नसेल तर भेग जुनी आहे आणि दुरुस्तीने भागेल. नऊ इंची भिंतीला एक इंचापेक्षा जास्त पोट आलं असेल, किंवा भेग वाढतच असेल, किंवा त्याच भिंतीवर छपराचं वासं-तुळईचं वजन असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की पुढचं काम स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नये.

वरचं पाणी आधी वळवा

ही कामं स्वस्त आहेत आणि बऱ्याच घरांत एवढ्यानेच भिंत सुकते, म्हणून खणायच्या आधी हीच करा आणि जमलं तर एक पाऊस जाऊ द्या. मागच्या छपराला पीव्हीसीचं पन्हळ बसवायचं आणि त्याचा पाइप घराच्या कोपऱ्यापासून निदान दहा फूट लांब न्यायचा, कोपऱ्यातच सोडला तर सगळं पाणी एका जागी आणून ओतल्यासारखं होईल. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला तीन फूट रुंदीची फरशी नाहीतर कोबा करायचा, दर फुटाला पाव इंच उतार घरापासून बाहेरच्या दिशेने, आणि कोबा जिथे भिंतीला टेकतो तो सांधा नीट भरून घ्यायचा, पाणी तिथूनच आत जातं. माडाच्या आळ्याचं पाणी दुसऱ्या, लांबच्या झाडाला वळवा, माड काढायची गरज नाही.

डोंगराच्या बाजूला आडवा चर मारायचा, खणलेल्या काठापासून वर चार-पाच फूट सोडून, आणि त्याला शंभर फुटाला निदान एक फूट उतार द्यायचा. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, हा चर कच्चा ठेवू नका. कच्च्या चरात पाणी थांबतं, मुरतं आणि नेमकं भिंतीमागेच उतरतं, म्हणजे चर नव्हता तेव्हा बरं होतं असं व्हायचं. चिरे लावून, सांधे भरून किंवा कॉंक्रीटचं अस्तर करून घ्या. आणि त्याचं तोंड नैसर्गिक व्हाळात काढा, शेजाऱ्याच्या परसात नको, त्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झालेल्या आपण बघतो.

भिंतीमागचा निचरा

वरचं पाणी वळवूनही भिंत झिरपत असेल तर मागे खणून निचऱ्याची नळी टाकायची. काम दिवाळीनंतर धरा, त्याआधी माती ओली असते आणि भातकापणीमुळे माणसंही मिळत नाहीत.

सगळी लांबी एकदम खणायची नाही. भिंतीचे चार-पाच फुटांचे भाग पाडा आणि पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक करा, ते भरून झाले की मधले घ्या. चर दोन फूट रुंद. चार फुटांपेक्षा खोल जात असाल तर मातीच्या बाजूला फळ्या लावून आडवे टेकू द्यायलाच हवेत, उकरलेली माती काठावर ढीग करून ठेवायची नाही, आणि खाली एकटा माणूस कधीच उतरवायचा नाही. कोसळलेल्या मातीखाली माणूस गाडला जायला कमरेएवढा चर पुरतो. दुसरं, भिंतीच्या पायाच्या तळाखाली खणायचं नाही, अर्धा फूट जास्त गेलो तर काय झालं असं वाटतं, पण पायाखालची माती सुटली की भिंत बसते. नळी पायाच्या तळापेक्षा थोडी वरच राहिली पाहिजे आणि खोलीच्या लादीच्या खाली, या दोन्हींच्या मधे.

भिंतीचा मागचा चेहरा उघडा पडला की तारेच्या ब्रशने घासून धुवा, मुळं काढा. पिंपळाचं मूळ सांध्यात घुसलं असेल तर नुसतं छाटून उपयोग नाही, चिरा काढून मूळ उपटून परत चिरा बसवा. मग सांधे भरून, एकास चार (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) मालाचा अर्धा इंची गिलावा वॉटरप्रूफिंग पावडर घालून, तो निदान आठवडाभर पाणी मारून पिकवायचा आणि सुकल्यावर त्यावर डांबरी किंवा सिमेंटी वॉटरप्रूफिंगचे दोन हात आडवे-उभे. वॉटरप्रूफिंग करायचंच असेल तर ते या बाजूने, जिकडून पाणी येतं तिकडून. पण हे फक्त घराच्या भिंतीला बरं का, नुसता माती अडवणारा बांध असेल तर त्याला मागून सील करायची गरज नाही, त्याला फक्त निचरा द्या.

चराच्या तळाला आणि मातीच्या बाजूला जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरायचं, न विणलेलं, नमद्यासारखं असतं ते घ्या. त्यात दोन इंच खडी, त्यावर चार इंची भोकांचा पीव्हीसी पाइप, भोकं खालच्या बाजूला. वर केली तर पाइप भरायला पाणी आधी तेवढं चढावं लागतं, खाली असली की पाणी तळातूनच पाइपात शिरतं आणि वाहून जातं. उतार शंभराला एक, म्हणजे दहा फुटाला सव्वा इंच, लेव्हल पाइपने प्रत्येक भागात तपासा कारण भाग वेगवेगळ्या दिवशी होतात आणि मधेच एक भाग खाली बसला की तिथे डबकं होतं. याच कारणाने पहिला भाग पाण्याच्या तोंडाकडून सुरू करा. पाइपावर वीस एमएमची धुतलेली खडी वरून एक फूट कमी राहीपर्यंत, ग्रिट किंवा क्रशची भुकटी नको, ती भोकं बुजवते. कापड वरून एक फूट एकमेकांवर येईल असं दुमडायचं आणि उरलेल्या फुटात चिकण माती धुम्मसने ठोकून वर कोबा. भंगार चिऱ्याचे तुकडे खडीऐवजी टाकायचा मोह होतो, फुकट असतात, पण जांभा पाण्यात वर्षानुवर्षं राहून झिजतो आणि त्याचा गाळ होतो, खडीच आणा, काळ्या दगडाची.

पाइपाच्या वरच्या टोकाला एक उभा पाइप झाकण लावून जमिनीवर काढून ठेवा म्हणजे वर्षाला एकदा पाणी सोडून धुता येईल. खालच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर कुर्ल्या, बेडूक आणि साप आत शिरतात.

नुसता बांध असेल तर भिंतीतच पाणी जायची भोकं काढता येतात. तीन इंची पाइपाचे तुकडे, आडवे चार-पाच फुटांवर, उभे तीन फुटांवर, ओळी एकमेकींच्या मधे येतील अशा, सगळ्यात खालची ओळ पुढच्या जमिनीपासून अर्धा फूट वर. पाइपाला बाहेरच्या बाजूला उतार आणि मागच्या तोंडाशी कापड बांधून घमेलंभर खडी, नाहीतर भोकातून पाण्याबरोबर मातीही निघून जाते. भोक पाडायला कोअर कटर आणा, ब्रेकरने चिरा फुटतो आणि आजूबाजूचे सांधे हलतात. ज्या भिंतीच्या आत खोली आहे तिथे ही भोकं अर्थातच नकोत, तिथे मागच्या नळीनेच पाणी घराच्या कडेने बाहेर काढायचं.

आता भिंत

चिरा सच्छिद्र असतो, आयएस ३६२० या भारतीय मानकाप्रमाणे चांगल्या चिऱ्यानेसुद्धा वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी धरलेलं चालतं, म्हणजे ३० किलोच्या एका चिऱ्यात साडेतीन लिटर. त्यामुळे भिंत सुकायला आठवडे नाही, महिने लागतात, तो वेळ तिला द्या.

सांध्यातला सुटलेला माल इंचभर खोल खरवडून काढा, ब्रशने धूळ झाडा, सांधा ओला करा आणि एकास सहा मालाने दर्जा भरा, म्हणजे सांधे बाहेरून दाबून भरा, त्यात सिमेंटएवढा चुना मिसळला तर आणखी चांगलं. भरपूर सिमेंटचा कडक माल घालू नका, चिऱ्यापेक्षा सांधा कडक झाला की ओल चिऱ्यातून निघायला लागते आणि चिरा कडेने झडतो. जुनं घर चुन्यात बांधलेलं असेल तर चुनाच वापरा. गोणपाट भिजवून सात-आठ दिवस लावून ठेवा.

चिरा बोटाने कोरता येत असेल, त्यात पांढऱ्या मातीचे गोळे दिसत असतील तर तो बदलायचा. एका वेळी एकच, वर टेकू लावून, आणि त्याचा माल धरल्याशिवाय शेजारचा काढायचा नाही. नवा चिरा हातोडीने वाजवून घ्या, खणखणीत वाजला पाहिजे, खाणीतून नुकताच काढलेला मऊ असतो, उघड्यावर पडून तो कडक होतो म्हणून आणून महिनाभर तरी हवेत ठेवा. बसवताना भिजवून, आणि वरच्या फटीत जवळपास कोरडा माल कपच्या मारून ठासून भरा, ही वरची फट मोकळी राहिली की त्या चिऱ्याने वजन घेतलंच नाही असं होतं. फुगलेला बांध मात्र परत ढकलून सरळ होत नाही, तो वरून उतरवूनच रचावा लागतो, रचताना मागे थोडा झोक द्या आणि दर तीन फुटांवर आरपार जाणारा लांब चिरा घाला.

सिमेंटच्या पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर बाकी सगळं हेच, फक्त ब्लॉकच्या पोकळीत पाणी भरून राहतं, म्हणून आतल्या बाजूने सगळ्यात खालच्या थरात प्रत्येक पोकळीला अर्धा इंची भोक पाडून आधी ते पाणी सोडून द्या. कधीकधी बादल्याच्या बादल्या निघतात. ते निघाल्याशिवाय आतून काहीही लावू नका.

आतल्या बाजूला पुट्टी, ऑइल पेंट, टाइल्स लावायची घाई नको. फूटभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून दोन दिवस ठेवा, भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल अजून भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला धरले तर ती हवेतली आहे आणि खिडकी उघडून भागेल. पांढरी पूड आली असेल तर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतली तर मीठ परत आत जातं. सुकल्यावर चुन्याचा हात सगळ्यात बरा, भिंतीला वाफ बाहेर टाकता येते.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मृग लागायच्या आत, उभ्या पाइपात चार-पाच बादल्या पाणी ओतून खालच्या तोंडातून किती आणि किती वेळात येतं ते बघा, डोंगराकडच्या चरातला पाला आणि पन्हळं साफ करा, ओळंब्याची तीन मापं परत घेऊन गेल्या वर्षीच्या खुणेशेजारी लिहा. पाणी ओतलं त्याच्या निम्मंच आलं आणि बाकीचं रेंगाळलं तर पाइप कुठेतरी बसलाय किंवा मुळांनी भरलाय, तेवढाच भाग पाऊस लागायच्या आधी उघडून घ्या.